टिक्कर तालची सहल

१

गाडी नीलगायीला धडकली, असं शार्दूलनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तेही इंग्रजीत आणि एकही चूक न करता. सुलोचनाबाईंनी सोमवारी त्या रेकॉर्डिंगला दहापैकी नऊ गुण दिले होते. गुरुवारी पोलिसांनी ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून ताब्यात घेतलं, आणि शार्दूललाही नेलं.

कारण रविवारी संध्याकाळी मोरनीच्या डोंगरातून उतरणाऱ्या रस्त्यावर नीलगाय मेलीच नव्हती. मेला होता नरेश नावाचा आचारी. एका शाळेच्या मेसमधलं काम आटोपून निळ्या सायकलवरून घरी निघाला होता. धडकेनं तो रस्त्याखालच्या झुडपांत फेकला गेला आणि सोमवारी उजाडल्यावर दूधवाल्यांना सापडला. वाटेतल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात एक छोटी पांढरी गाडी दिसत होती, डावा दिवा बंद असलेली. नंबर काही दिसत नव्हता. शार्दूलची जुनी गाडी पांढरी, छोटी आणि डावा दिवा फुटलेली होती. मग पोलिसांना आणखी काय हवं?

सुलोचनाबाई चंदीगडमध्ये सेक्टर चव्वेचाळीसच्या इंग्रजीच्या बाई म्हणून ओळखल्या जात. शाळेतली नोकरी संपली, तरी शिकवण्याची खोड काही संपली नाही. परदेशी जाणाऱ्या मुलांची सहा जणांची बॅच त्या घरीच घ्यायच्या. प्रवासाचा धडा त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. मराठीत माणूस सहल काढतो, दौरा करतो, त्याला यात्रा घडते; इंग्रजीत मात्र टूर करून भागत नाही, टूरवर जावं लागतं. कुणी 'आय डिड अ टूर' म्हणालं की बाईंना हातातला चहा कडू लागायचा. कधी 'सेट ऑफ' म्हणायचं, कधी 'स्टॉप ओव्हर' आणि कधी 'ड्रॉप इन', हे त्यांनी इतक्या पोरांच्या डोक्यात इतक्यांदा घातलं होतं की झोपेतही त्या चुका दुरुस्त करत असतील, असं त्यांचे यजमान श्रीपादराव म्हणायचे. श्रीपादराव सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी डोंगरदऱ्यांतल्या दौऱ्यांवर काढली आणि आता बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून समोरचं लिंबाचं झाड बघायचे, म्हणजे जेवढं दिसेल तेवढं.

शार्दूल मूळचा औशाचा. मोहालीत सेक्टर सदुसष्टच्या औषधनिर्माण संस्थेत शिकत होता, राहायला जवळच्या खरड गावात, आणि आठवड्यातून चार वेळा जेवायला बाईंकडे. बाईंना मूलबाळ नव्हतं. याला वाढताना त्यांचा हात जरा सैलच सुटायचा, हे त्या स्वतःशी कबूल करायच्या. त्याला परदेशी विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळाली होती, पण शनिवारी सकाळी दहाला त्याची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती आणि ती हुकली की जागाही गेली. हातात उरला होता फक्त शुक्रवार.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी खरडला त्याच्या खोलीतल्या सोबत्याला, हृषीकेशला, फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ते रेकॉर्डिंग पोलिसांना मीच दिलं."

२

शुक्रवारी सकाळी बाई हृषीकेशच्या ऑफिसाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मोहालीतल्या एका कंपनीत तो काम करायचा. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. त्याला रागवायचं म्हणून आल्या होत्या, पण त्याच्याकडे बघून त्यांना ते जमेना.

त्यानं सांगितलं ते असं. सोमवारी घरी आल्यावर शार्दूल आपलं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून ऐकत होता, सराव म्हणून. बुधवारी पेपरात नरेशची बातमी आली. ती वाचून शार्दूल पांढराफटक पडला आणि त्यानं फोनमधून ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. हृषीकेशकडे मात्र त्याची प्रत होती. चांगलं इंग्रजी म्हणून त्यानंच मागून घेतली होती. दोन दिवस त्याला झोप नाही. मेलेल्या माणसाला दोन पोरी आहेत, असं पेपरात होतं.

बाईंना त्याचाच संशय आला होता. गाडी शार्दूलची असली तरी किल्ली दोघांची, आणि दुसऱ्यावर ढकलून मोकळा झाला नसेल कशावरून? पण रविवारी तो सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसात होता. दारावरच्या यंत्रात नोंद होती आणि ती त्यानं न विचारताच दाखवली. शार्दूल दिवसभर खोलीवर झोपून होता असं तो स्वतः म्हणतो, पण ते बघायला कुणी नव्हतं. दिवा फुटला होता तो महिन्यापूर्वी, इमारतीखाली गाडी लावताना. यालाही साक्षीदार नव्हता.

मग तिथेच पायरीवर बसून बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. पावणेदोन मिनिटांचं. शार्दूलचा आवाज, स्वच्छ आणि सावकाश. गेल्या रविवारी मी एका छोट्या सहलीला गेलो, 'वेंट ऑन अ ट्रिप'. जेवून निघालो, 'सेट ऑफ'. मोरनीच्या डोंगरातल्या टिक्कर ताल तलावाकडे जाताना वाटेत चहाला थांबलो, 'स्टॉप्ड ओव्हर'. मग एका टेकडीवर चढलो, माथ्यावर एक ठेंगणा खांब होता, त्याला टेकून अर्धा तास बसलो, फार बरं वाटलं. परतताना सांज झाली. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसत होती. उतारावर एक नीलगाय आडवी आली, तिला धक्का लागला. मी गाडी बाजूला घेतली, 'पुल्ड ओव्हर', खाली उतरलो, इकडेतिकडे पाहिलं, काही दिसलं नाही. म्हणून पुढे निघालो.

ऐकता ऐकता बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतका वेळ ही गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही याचा त्यांना संताप आला. ही सहल शार्दूलची असूच शकत नव्हती.

३

बाईंच्या वर्गात एक रीत होती. कुणीही स्वतःची सहल सांगायची नाही. स्वतःची सांगायला गेलं की माणूस आठवणीत रमतो आणि क्रियापदं वाऱ्यावर सोडतो, असा त्यांचा अनुभव. म्हणून दोघादोघांच्या जोड्या करायच्या. पहिल्यानं आपली सहल मराठीत, पंजाबीत, कशीही सांगायची आणि दुसऱ्यानं ती 'मी' म्हणून इंग्रजीत सांगायची. गेल्या वर्षी एका सरदार पोरानं 'माझं मंगळागौरीचं जागरण' इतक्या मनापासून सांगितलं होतं की सगळे पोट धरून हसले होते. बाहेरच्या माणसाला ही रीत कुठून ठाऊक असणार?

पंचकुल्याच्या पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर राठी यांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस सभ्य होता. म्हणाला, चलो, मान लिया, लेकिन लड़का तो खुद कहता है कि कहानी मैंने मन से बनाई. गाडीवरच्या रंगाचा, काचेचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागतील. तोवर तो इथेच.

"मैडम जी, ट्रिप इसकी नहीं, तो किसकी है?" राठी म्हणाले. "नाम दे दो, लड़का ले जाओ."

शार्दूलला पाच मिनिटं भेटू दिलं. एका दिवसात तो वाळल्यासारखा दिसत होता. बाईंनी थेट विचारलं, सहल कुणाची? तो भिंतीकडे बघत म्हणाला की त्यानं मनानं रचली. बाईंना हसू येण्याजोगं उत्तर होतं. हा मुलगा ताप आला तरी तीन शब्दांत सांगणारा, इंद्रधनुष्याची कडी तो कुठून रचणार?

"कुणाला वाचवतोयस?"

"काकू, तुम्ही यात पडू नका," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत रिपोर्ट येईल, मी सुटेन."

"आणि उद्याची परीक्षा? पुढची जागा?"

शिपायानं उठायची खूण केली. जाता जाता त्यानं एवढंच विचारलं, काका जेवतात ना नीट? बाईंनी हो म्हटलं आणि त्या बाहेर पडल्या. ज्याच्या गळ्याशी आलंय तो पोरगा दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करतो, या विचारानं रिक्षात त्यांना रडू फुटलं.

घरी येऊन त्यांनी जोड्यांची वही काढली. सोमवार. प्राची आणि जसलीन, जेवणाचं टेबल. दोन सरदार पोरं, दिवाणावर. शार्दूल आणि रेवा, बाल्कनी.

४

रेवाचे वडील बँकेत, दर चार वर्षांनी बदली. पोरगी भोपाळ, लखनौ करत चंदीगडला मोठी झाली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. त्यांच्या घरी पांढरी गाडी होती, हे बाईंना प्राचीनं फोनवर सांगितलं. शिवाय प्राचीनं हेही सांगितलं की रेवाचं आणि शार्दूलचं काहीतरी आहे असं सगळ्या बॅचला वाटतं. बाईंनी मनातल्या मनात दोन्ही गोष्टी जोडल्या आणि त्यांना एकदम बरं वाटलं. नाव मिळालं होतं. दुसऱ्याच्या लेकीचं नाव मिळालं म्हणून आपल्याला बरं वाटतंय, याची लाज त्यांना नंतर वाटली.

बाई तिच्या घरी गेल्या, तेव्हा रेवा दारातच रडायला लागली. त्यांची गाडी महिनाभर अंबाल्याला काकांकडे होती, आणि रविवारी दिवसभर ती स्वतः बाईंसमोरच बसली होती, मोहालीच्या सराव परीक्षेला. बाईंनी कपाळाला हात लावला. खरंच की. दहा ते सात त्यांनी स्वतःच सगळ्या नव्या मुलांची परीक्षा घेतली होती आणि रेवा दुसऱ्या रांगेत होती.

"मग शार्दूलला टिक्कर तालचं कुणी सांगितलं?"

"आंटी, मैंने उसे कुछ नहीं बताया," रेवा म्हणाली. "मेरा फोन आ गया था. मैं नीचे पार्किंग में चली गई, बीस मिनट. आई तो वो रेकॉर्ड कर चुका था."

फोन कुणाचा होता ते तिनं आईकडे चोरून बघत हळूच सांगितलं. तो शार्दूल नव्हता. बाईंना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग शार्दूल तेवढा वेळ बाल्कनीत एकटाच होता?

रेवानं डोळे पुसले आणि सहज म्हणाली, "अकेला कहाँ, अंकल थे ना."

५

घरी परतताना बाई रिक्षानं न येता चालत आल्या. घर जितकं उशिरा येईल तितकं बरं, असं वाटत होतं.

आता कोडं राहिलंच नव्हतं, तरी बाईंनी ते शिक्षिकेच्या सवयीनं पायरीपायरीनं सोडवून पाहिलं. कुठेतरी आपली चूक निघावी म्हणून. टेकडीच्या माथ्यावरचा ठेंगणा खांब. देवळाचा खांब असेल, असं कुणीही समजेल. पण मोजणी करणारे लोक उंच माथ्यांवर असे खांब बांधतात आणि पन्नास वर्षांनीही त्यांना ते ओळखीच्या माणसासारखे वाटतात, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच दौऱ्यावर श्रीपादरावांनी दाखवलं होतं. अशा खांबाला टेकून अर्धा तास बसून बरं वाटणारा चोवीस वर्षांचा मुलगा चंदीगडमध्ये सापडणार नाही.

आणि ती इंद्रधनुष्याची कडी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का असं विचारलं होतं, आणि श्रीपादराव हसून म्हणाले होते, दिसतात, छान दिसतात. डॉक्टर हसले नव्हते. काचबिंदू फार पुढे गेलाय, बाजूचं जवळजवळ दिसत नाही, गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. बाईंनी त्याच दिवशी किल्ली कपाटात साड्यांखाली ठेवली. गाडीवर कव्हर चढवलं. त्यांना स्वतःला चालवता येत नव्हती. आठ महिने गाडी तळमजल्यावर तशीच उभी होती, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे.

रविवारी आठला त्या घरी आल्या तेव्हा श्रीपादराव झोपले होते. दिवसभर वाचनालयात होतो, दमलो, म्हणाले. वाचता येत नाही त्या माणसाला वाचनालयात कशाला जायचं, हे विचारावं असं बाईंना सुचलंही नव्हतं. इतरांचं वाक्य न् वाक्य तपासणाऱ्या बाई घरातलं तेवढं तपासायला विसरल्या.

तळमजल्यावर त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. कव्हर नीट होतं, फक्त दोरी त्यांच्यासारखी मागे नव्हे तर पुढे बांधलेली होती. त्यांनी गाठ सोडली. डावा दिवा फुटलेला होता. त्याच्या खाली, पांढऱ्या पत्र्यावर, बोटभर रुंदीचा निळा ओरखडा होता.

बाईंनी कव्हर पुन्हा घातलं. त्या वर गेल्या आणि त्यांनी पोळ्या केल्या. श्रीपादरावांनी अर्धी खाल्ली. बाईंना तेव्हा कळलं की गुरुवारपासून ते अर्धीच खात होते, आणि ठाण्यात शार्दूलनं तो प्रश्न का विचारला हेही कळलं. ठाण्यात फोन करायला शुक्रवारची संध्याकाळ हातात होती. राठींनी नंबर दिला होता. पंधरा दिवसांत पोरगा सुटेलच, असं एक मन म्हणत होतं. तरुण आहे, दुसरी जागा मिळेल. यांना सत्तरीला टेकताना कोठडीत कोण थेंब घालील? असं करत करत त्यांनी फोन केला नाही. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं आणि तरी त्यांनी तेच केलं.

६

शनिवारी सकाळी दहा वाजले. शार्दूलची परीक्षा सुरू झाली असती ती वेळ. बाईंना घड्याळाकडे बघवेना. त्या बाल्कनीत जाऊन श्रीपादरावांसमोर बसल्या. ते इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत बूट चढवून बसले होते.

"नीलगाय नव्हती ती," बाई म्हणाल्या.

श्रीपादरावांनी मान हलवली. ठाऊक होतं त्यांना. रविवारी खरंच नीलगाय वाटली होती. उजव्या अंगानं काहीतरी करडं हललं एवढंच दिसलं, डावीकडचं तर काहीच नाही. उतरून पाहिलं तर रस्ता मोकळा होता. दिव्याचं सुलूला काय सांगायचं याचीच काळजी घेऊन ते घरी आले. सोमवारी शार्दूल एकटा बसलेला दिसला म्हणून त्यांनी त्याला सहल सांगितली, कुणालातरी सांगावीशी वाटत होती म्हणून. आठ महिन्यांनी डोंगर बघितला होता. गुरुवारी शार्दूलला नेलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"गुरुवारी," बाई म्हणाल्या. "आज शनिवार आहे."

"मी काल सकाळीही तयार झालो, सुलू, आजही. बूट घालतो. दारापर्यंत जातो." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पुढे पाऊल पडत नाही. मग बूट काढून ठेवतो."

बाईंना त्यांचा प्रचंड राग आला. ओरडावं, हातातली वस्तू फेकावी असा राग. पण आपणही रात्रभर फोनपाशी बसून राहिलो आणि नंबर फिरवला नाही, हे त्यांना आठवलं. त्या उठल्या. त्यांनी डोळ्यांच्या थेंबांची बाटली पिशवीत टाकली, दोन सदरे टाकले आणि गाडी बोलावली.

ठाण्यात राठींनी पुन्हा शांतपणे ऐकून घेतलं. शिपायांना निळ्या ओरखड्याची गाडी आणायला पाठवलं. दुपारी अडीचला शार्दूलला बाहेर आणलं. बाकावर काकांना बसलेलं पाहताच तो जागच्या जागी थांबला. त्याला आनंद झाला नाही. तो बाईंपाशी आला आणि अगदी हळू म्हणाला,

"काकू, मला एकदा विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"हो," तो म्हणाला. "परीक्षा गेलीच होती. आता काकाही अडकले."

ते खरंच होतं. काल संध्याकाळी आपल्याला सगळं कळलं होतं, हे त्याला सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण तोवर तो श्रीपादरावांकडे गेला होता. त्यानं वाकून नमस्कार केला. श्रीपादरावांनी भलत्याच बाजूला हात पुढे केला, तो त्यानं पकडून आपल्या डोक्यावर ठेवला, आणि मग तो मागे न बघता बाहेर पडला.

आतून मुन्शीनं हाक मारली. श्रीपादरावांनी सांगितलेलं सगळं त्यानं हिंदीत लिहून काढलं होतं, दोन पानं. वाचून दाखवलं. श्रीपादराव प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेले. शेवटी कागद टेबलावर सरकवून मुन्शी म्हणाला, यहाँ साइन कर दीजिए, बाबूजी. श्रीपादरावांनी पेन धरलं. पण त्यांना पान दिसत होतं, रेघ दिसत नव्हती. पेनाचं टोक कागदाच्या कडेवरून टेबलावर गेलं, परत आलं, पुन्हा चुकलं. मुन्शी अवघडून बघत राहिला.

सुलोचनाबाई पुढे झाल्या. त्यांनी यजमानांचं मनगट धरलं आणि पेनाचं टोक रेघेवर नेऊन टेकवलं.

"इथे?" श्रीपादरावांनी विचारलं.

"इथेच," त्या म्हणाल्या, आणि सही पूर्ण होईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.